बारशाआधीचा ईसीजी

आमचा प्रोग्राम म्हणत होता, फाईल गेली. नागपूरचा सर्व्हर म्हणत होता, फाईल आलीच नाही. आणि मी गिरडच्या रस्त्यावरच्या एका छोट्या दवाखान्यात, पाय डुगडुगणाऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, या दोघांत खोटं कोण बोलतंय ते शोधत होते.

दोन हजारचं दशक तेव्हा निम्मं सरत आलं होतं. मी वर्ध्याच्या एका लहानशा सॉफ्टवेअर फर्ममध्ये कामाला होते. फर्म म्हणजे एक मोठी खोली, चार कॉम्प्युटर आणि कमलभाऊ. कमलभाऊ आमचे मालक. वाडवडिलांचं कापडाचं दुकान भावाच्या हवाली करून ते या धंद्यात उतरले होते. कॉम्प्युटरमधलं त्यांना फारसं कळत नसे, पण गिऱ्हाईक कधी चिडणार आहे हे बरोबर कळायचं.

"अर्चना, तो समुद्रपूरकडचा दवाखाना आता चिडून राह्यला," त्या सकाळी ते म्हणाले. "म्हणतात, मोठ्या माणसाचा ईसीजी जातो, लहान लेकराचा जात नाई. असं कसं होते?"

"होत नाही असं. मशीनला काय माहीत पेशंट लहान की मोठा?"

"मंग जाऊन पाय ना. अन् दुपारपर्यंत ये, सेलूच्या जिनिंगवाल्याचं काम बाकी हाये."

हा दवाखाना एका ट्रस्टचा. खाटा मोजक्या, डॉक्टर एक, हृदयाचा तज्ज्ञ अर्थातच नाही. म्हणून एक सोय केलेली होती. पेशंटच्या छातीला तारा लावायच्या, हृदयाच्या ठोक्यांची रेघ कॉम्प्युटरमध्ये घ्यायची आणि फोनच्या लाईनवरून नागपूरच्या सर्व्हरला पाठवायची. तिथल्या तज्ज्ञ मॅडम ती पाहून सल्ला द्यायच्या. ही रेघ म्हणजेच ईसीजी. पाठवणारा प्रोग्राम पुण्याच्या मंडळींनी सी भाषेत लिहिला होता. नेटवर एखादी वस्तू पाठवायची सगळी कटकट सांभाळणारी एक फुकट मिळणारी लायब्ररी त्यांनी वापरली होती. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड. आपण फक्त त्याला कामं सांगायची. पुण्याची मंडळी काम आटोपून निघून गेली आणि देखभाल आमच्या गळ्यात पडली.

दवाखान्यात प्रत्येकाकडे स्वतःचा सिद्धांत तयार होता. डॉक्टर उमाटे, म्हणजे तिथले एकमेव डॉक्टर, म्हणाले की बाळं हलतात म्हणून रेघ बिघडत असेल. मालू सिस्टर, म्हणजे ईसीजी काढून पाठवणाऱ्या नर्स, म्हणाल्या की लाईनच खराब आहे. खराब लाईनला बाळं तेवढी निवडून कशी सापडतात, असं मी विचारलं. त्यावर त्या खळखळून हसल्या आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

मी नागपूरला सर्व्हर सांभाळणाऱ्या बोरकरांना फोन लावला.

"आमच्याकडे काही प्रॉब्लेम नाही," माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ते म्हणाले.

"मी अजून प्रॉब्लेम सांगितलाच नाही."

"सांगा. पण आमच्याकडे नाही. फाईल आली तर आम्ही ठेवतो. आलीच नाही तर काय ठेवणार?"

अशा माणसाचा राग येतो, पण त्यातला अर्धा राग तो बरोबर बोलत असेल या भीतीचा असतो. मी फोन ठेवला आणि सिस्टरना माझाच ईसीजी काढायला लावला. नाव अर्चना, वय अमुक, पाठवा. दोन मिनिटांत बोरकरांकडे पोचला. म्हणजे मशीन ठीक, लाईन ठीक, सर्व्हर ठीक आणि माझं हृदयही ठीक. पाणी कुठं मुरतंय ते मात्र कळेना.

त्या लायब्ररीत एक सोय असते. ती चालू केली की पाठवताना काय काय बोलणं झालं ते सगळं स्क्रीनवर उमटतं: आपण काय पाठवलं, समोरच्याने काय उत्तर दिलं. मी फर्मचा एकुलता एक लॅपटॉप उघडला, त्यात प्रोग्रामचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, होता. ती सोय चालू करून नवा प्रोग्राम बनवला आणि दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर टाकला. आता एखाद्या बाळाचा ईसीजी मिळाला की झालं. मी सिस्टरना म्हणाले, "एखादं बाळ आलं की सांगा."

हे वाक्य मी बोलायला नको होतं असं मला पुढच्या अर्ध्या तासात वाटलं.

एक भाजीचा ऑटो फाटकाशी येऊन थांबला. मागे वांग्यांची पोती तशीच होती. पुढून एक बाई उतरली, तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं बाळ. मागून बाळाची आई, वंदना, भिंत धरत धरत चालत आली. बाळ पाच दिवसांचं. रात्रीपासून दूध ओढत नव्हतं, श्वास भराभर चालला होता आणि ओठ फिके पडले होते. बाळ घेऊन आलेली बाई म्हणजे त्याची आत्या. शोभाताई नाव. घरचा भाजीचा मळा, त्यामुळे जे वाहन बाजाराला निघालं होतं त्यातच सगळे बसून आले होते.

डॉक्टरांनी बाळाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"मोजता येऊन नाई राह्यलं," ते म्हणाले. "सिस्टर, ईसीजी घ्या."

रेघ निघाली. ठोके इतके जवळजवळ की कागदावर शिवणयंत्राची टीप मारल्यासारखं दिसत होतं. डॉक्टरांनी मला नंतर समजावलं ते असं. एवढे ठोके दोन कारणांनी पडतात. एक तर जंतुसंसर्ग वगैरेमुळे हृदय धावत असतं. नाहीतर हृदयातल्या विजेच्या वाटेत एक शॉर्ट सर्किट झालेलं असतं आणि तीच ठिणगी गोल गोल फिरत राहते. दोन्हींचा इलाज वेगळा. दुसरं असेल तर इथंच, आत्ता काहीतरी करता येतं. पहिलं असेल तर ते करण्यात वेळ घालवायचा नाही, नागपूर गाठायचं. आणि दवाखान्याची जीप हिंगणघाटला पेशंट सोडायला गेली होती.

डॉक्टरांनी कागद नागपूरच्या मॅडमना फॅक्स केला. मॅडमचा लगेच फोन आला. "डॉक्टर, मला नुसता काळा पट्टा दिसतोय. कॉम्प्युटरवरचा पाठवा. मोठा करून पाहिल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

कॉम्प्युटरवरचा, म्हणजे जो जात नव्हता तोच.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी आतापर्यंत पुष्कळ गिऱ्हाइकांच्या नजरा झेलल्या होत्या. पण कुणाच्या बिलाची प्रिंट अडणं वेगळं आणि हे वेगळं.

सिस्टरनी इंटरनेट जोडलं. लाईन एकच होती, त्यामुळे इंटरनेट चालू असलं की फोन बंद. ईसीजी पाठवला. प्रोग्रामने नेहमीसारखं सांगितलं, पाठवला. आता मात्र मागचं सगळं बोलणं माझ्यासमोर होतं. आमच्याकडून पूर्ण ईसीजी गेला होता, एक अक्षर कमी नाही. सर्व्हरने उत्तर दिलं होतं: ठीक आहे, मिळालेल्या फाईली शून्य. आमचा प्रोग्राम त्यातलं 'ठीक आहे' एवढंच वाचत होता आणि खूश होत होता. दोघंही खरं बोलत होते.

मग मी वरच्या ओळी वाचल्या आणि डोक्याला हात लावला.

हे जरा सोपं करून सांगते. नेटवर फॉर्मबरोबर फाईल पाठवतात तेव्हा सगळं एका मोठ्या पिशवीत जातं. पिशवीत लहान लहान पुड्या असतात: एका पुडीत वय, एकीत गाव, एकीत फाईल. प्रत्येक पुडीवर चिठ्ठी असते. फाईलच्या पुडीवरच्या चिठ्ठीवर फाईलचं नाव लिहिलेलं असतं. हे नाव डिस्कवरच्या फाईलचंच असलं पाहिजे असं काही नाही. फाईलचा मजकूर काय आणि समोरच्याला तिचं नाव काय सांगायचं, या दोन गोष्टी लायब्ररीला वेगवेगळ्या सांगता येतात. आमच्याकडे तर डिस्कवर फाईल बनतच नव्हती. मशीनची रेघ थेट मेमरीत यायची आणि तिथूनच जायची. त्यामुळे नाव आपणच सांगणं भाग होतं. पुण्याच्या मंडळींनी सोपं केलं होतं: पेशंटच्या नावाच्या रकान्यात जे असेल तेच फाईलचं नाव. माझ्या ईसीजीच्या चिठ्ठीवर अर्चना होतं. या बाळाच्या चिठ्ठीवर 'फाईलचं नाव' असं होतं, पुढे दोन अवतरणचिन्हं होती आणि त्यांच्यामध्ये काहीही नव्हतं.

आता नेटवर एक जुनी रीत आहे. तुम्ही एखादा फॉर्म भरता आणि फाईल न निवडताच पाठवता, तेव्हा ब्राऊझर फाईलची पुडी तरीही पाठवतो, पण चिठ्ठीवर नाव रिकामं ठेवतो. म्हणून रिकामं नाव दिसलं की सर्व्हर समजतो, यांनी फाईल निवडलेलीच नाही. आत काय आहे ते तो बघतही नाही. पुडी टाकून देतो.

"सिस्टर, नाव काऊन नाही टाकलं?" घाईत माझ्याही तोंडून 'का'ऐवजी काऊन निघालं.

"रकाना बंदच हाये ना, मॅडम. वय महिन्याच्या आत टाकलं की नावावर जाताच येत नाई. आधी आमी सगळ्या लेकरायले 'बेबी' लिवत होतो. नागपूरवाले वैतागले, म्हणे आमच्याकडे नुसत्या बेबीच बेबी झाल्या, कोणाची कोणती समजत नाई. मंग पुण्याच्या पोट्ट्यायनं रकानाच बंद करून टाकला."

"आणि तेव्हापासून बाळांचे ईसीजी जात नाहीत?"

सिस्टरनी बोटांवर महिने मोजले. "हो ना, बाप्पा. तवापासूनच."

शोभाताई दाराशी उभ्या होत्या. बाळ कॉम्प्युटरशेजारच्या टेबलावर डॉक्टरांजवळ होतं आणि त्यांना खोलीबाहेर काढलं होतं. नाव हा शब्द ऐकून त्या पुढे आल्या.

"कोनी नाव टाकून राह्यलं? बारसं कुठं झालं अजून? नाव मी ठेवीन, मी आत्या हाओ त्याची. तवापर्यंत कोनी काई ठेवू नका."

"नाही ठेवत, ताई. काळजी करू नका," मी म्हणाले. सोपी वाट मला दिसत होती. "डॉक्टर, वय दोन महिने टाकू का? रकाना उघडेल. मी काहीतरी लिहिते आणि आत्ता जाईल."

डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "नाई. पाच दिवसांचे ठोके अन् दोन महिन्यांचे ठोके वेगळे वाचावे लागतात. वय खोटं गेलं तर मॅडमचा निर्णयच खोटा होईल. फोनवर एक वय अन् फाईलवर दुसरं, असा घोळ आत्ता नको."

बरोबर होतं. मग एकच वाट उरली. मी लॅपटॉपवर ती ओळ काढली. लायब्ररीला फाईलचं नाव सांगणारी ती एक ओळ. तिच्या आधी लिहिलं: नाव रिकामं असेल तर दुसरं नाव घे. पण दुसरं कुठलं? पुन्हा 'बेबी' लिहून चालणार नव्हतं. फॉर्मवर नजर फिरवली. आईच्या नावाचा रकाना होता आणि तो भरलेला होता.

"शोभाताई, 'वंदनाचं बाळ' असं लिहिलं तर चालेल का? हे नाव नाही, नुसती ओळख आहे."

त्यांनी क्षणभर विचार केला. "वंदनाचं बाळ तं तो हायेच. यात ठेवाचं काय हाये? लिव, बाई, लवकर लिव."

आईच्या नावापुढे मी तारीख आणि वेळही जोडली, म्हणजे उद्या दुसरी वंदना आली तर घोळ नको. प्रोग्राम बनवला, पेनड्राईव्हवर घेतला, दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर टाकला. घाईत पेनड्राईव्ह आधी उलटा घुसवला. रेघ पुन्हा घेतली. पाठव म्हटलं.

अर्ध्या वाटेत मॉडेमची लाईन तुटली. मी बीएससीच्या वर्गात कधी काढले नसतील असे शब्द काढले. सिस्टरनी पुन्हा नंबर लावला. ती खरखर, ती शिट्टी, मग शांतता. पाठव.

उत्तर आलं: ठीक आहे, मिळालेल्या फाईली एक.

तो 'एक' बघून मला जो आनंद झाला तो नंतर पगारवाढीलाही झाला नाही. "गेला! तोडा लाईन, फोन मोकळा करा!" मी ओरडले. सिस्टरनी इंटरनेट तोडलं आणि आम्ही दोघी फोनकडे बघत उभ्या राहिलो. तो वाजायला फार वेळ लागला नसेल, पण आम्हाला लागला.

डॉक्टरांनी उचलला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. डॉक्टर म्हणत होते, "हो… हो… शॉर्ट सर्किटच? पक्कं?… बर्फ? हो, लसींच्या फ्रीजरमध्ये आहे."

त्यांनी फोनवर हात ठेवला. "सिस्टर, बर्फ! पिशवीत बर्फ अन् पाणी, लवकर!"

अशा वेळी पाच दिवसांच्या बाळाच्या चेहऱ्यावर बर्फाच्या पाण्याची पिशवी काही सेकंद ठेवतात. अचानक गार लागलं की शरीर हृदयाला थांब म्हणून सांगतं आणि ती गोल फिरणारी ठिणगी तुटते. मॅडम फोनवर सांगत होत्या आणि डॉक्टर करत होते. हे कुणीही घरी करून बघायचं नाही, डॉक्टरांनी मला नंतर बजावलं. मी स्क्रीनसमोर होते. तारा बाळाला लावलेल्याच होत्या, त्यामुळे रेघ चालू होती. शिवणयंत्राची टीप, टीप, टीप. मग रेघ क्षणभर सपाट झाली. मग एक ठोका आला. जरा थांबून दुसरा. त्यांच्यामध्ये आता मोकळी जागा होती.

आणि बाळ असं काही भोकाड पसरून रडलं की ओसरीवरच्या माणसांनी ऐकलं.

"रडलं! वंदे, रडलं व बाई लेकरू!" शोभाताईंनी भावजयीला मिठी मारली, मग मालू सिस्टरना, आणि मग मला. मी त्यांच्या काय कामी आले हे त्यांना कळलं नसावं, पण मिठी घट्ट होती. डॉक्टर खुर्चीवर बसले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. तो घाण झाला नव्हता.

जीप आली तेव्हा बाळ आईच्या कुशीत दूध ओढत होतं. ते नागपूरला गेलंच, मॅडमना त्याला काही दिवस नजरेखाली ठेवायचं होतं. पण आता घाई नव्हती. मागे वांग्यांचा ऑटोही बाजाराला निघाला.

मी बोरकरांना फोन केला.

"आला ईसीजी," ते म्हणाले. "आमच्याकडे प्रॉब्लेम नव्हताच."

"नव्हता. पण मिळालेल्या फाईली शून्य असल्या तर 'ठीक आहे' म्हणू नका. तुम्हाला ठीक असेल, आम्हाला नाही."

"हं. हे बदलतो मी." आणि त्यांनी खरंच बदललं. त्या माणसाबद्दल माझं मत तिथून सुधारलं.

कमलभाऊंना फोन केला तेव्हा दुपार कधीच टळली होती. त्यांनी आधी सेलूचं विचारलं. मग मी सगळं सांगितलं.

"म्हणजे फक्त नाव नव्हतं?"

"फक्त नाव नव्हतं."

"अन् लेकरू?"

"नागपूरला गेलं. दूध पितंय."

"मंग सेलूवाल्याले मी सांगतो, अर्चना उद्या येईल म्हणून. चिडू दे त्याले." गिऱ्हाइकाला चिडू दे म्हणताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

महिना उलटल्यावर ते बाळ तपासणीसाठी त्याच दवाखान्यात आलं. मालू सिस्टरनी मला मुद्दाम फोन करून बोलावलं आणि मीही दुसऱ्या कामाचं निमित्त काढून गेले. गुटगुटीत झालं होतं. शोभाताई सोबत होत्याच. बारसं थाटात झालं होतं आणि बोलावणं मला का पोचलं नाही म्हणून त्यांनी आधी मलाच फैलावर घेतलं. सिस्टरनी वय टाकलं, एक महिना पूर्ण. नावाचा रकाना आपोआप उघडला आणि तिथं कर्सर लुकलुकू लागला. सिस्टरनी कीबोर्डवरचे हात उचलले आणि मागे बघितलं.

"आता सांगा, आत्याबाई."

शोभाताईंनी पदर सावरला, त्या कॉम्प्युटरजवळ वाकल्या आणि बारशाला बाळाच्या कानात सांगतात तसं हळू आवाजात त्याला नाव सांगितलं. सिस्टरना ते ऐकूच गेलं नाही. मग त्यांनी मोठ्याने सांगितलं, "मल्हार लिव."

फाईल गेली. फाईल आली. मॅडमचं उत्तर आलं, सगळं नॉर्मल.

नंतरच्या वर्षांत मी पुष्कळ प्रोग्राम लिहिले आणि पुष्कळ पोरापोरींना शिकवलं. रकाना रिकामा राहिला तर काय होतं, ही तपासणी माझ्या टीममध्ये सगळ्यात आधी होते. तिला आम्ही 'वंदनाचं बाळ' म्हणतो. नव्याने आलेले विचारतात, मॅडम, हे कसलं नाव? मी सांगते, हे नाव नाहीच. नाव ठरेपर्यंत हाक मारायला काहीतरी लागतं, तेवढंच.